सार्वजनिक आयपी गेला, सीजीनॅट (एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटणं) आला. गेस्ट हाऊसचं नेटवर्क आयपीव्ही६वर न्यायला नेमकं काय करू?

बागाखाडी:
कळंगुटला २२ खोल्यांचं गेस्ट हाऊस. फायबरची एक जोडणी, ओएनटी (फायबर येऊन लागतो तो डबा), त्यामागे मायक्रोटिकचा राऊटर, २४ पोर्टांचा स्विच, ७ ॲक्सेस पॉइंट आणि १६ कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डर). पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचं नेटवर्क वेगवेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरची वेगळी आभासी नेटवर्कं). पूर्वी सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता होता. आता राऊटरच्या वॅनवर (बाहेरच्या बाजूवर) १००.८४ने सुरू होणारा पत्ता दिसतो, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) बंद पडलंय आणि डीव्हीआर बाहेरून उघडत नाही. सेवा देणारे म्हणतात, "पत्ते संपले, आयपीव्ही६ घ्या, फुकट आहे."
प्रश्न तीन. व्ही६ने कॅमेरे परत दिसतील का? पाहुण्यांच्या वायफायला काही फरक पडेल का? आणि हे चालू करताना काय बिघडतं?

रापण:
१००.८४ म्हणजे सीजीनॅटच, शंका नको. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला. घरातल्या १९२.१६८शी किंवा १०.ने सुरू होणाऱ्या पत्त्यांशी टक्कर होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.
राऊटरला हात लावण्याआधी सेवा देणाऱ्याकडून तीन गोष्टी काढून घ्या.
डीएचसीपीव्ही६ने (पत्ते वाटायच्या पद्धतीने) प्रिफिक्स, म्हणजे व्ही६ पत्त्यांचा गठ्ठा, देता का? देत असाल तर लांबी किती? प्रिफिक्स कायमचा आहे की दर वेळी बदलतो?
लांबी फार महत्त्वाची; तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका लहान तितका गठ्ठा मोठा. फोन स्वतःचा पत्ता स्वतः बनवतो आणि त्याला एका नेटवर्कमागे पूर्ण /६४ लागतो. त्यांनी एकच /६४ दिला तर पाहुणे आणि ऑफिस वेगळे ठेवताच येणार नाहीत. /६० मिळाला तर १६ नेटवर्कं होतात, /५६ मिळाला तर २५६. तुम्हाला तीन-चार पुरे, तरी /५६ मागा. मागायला पैसे पडत नाहीत.
शिवाय पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) कोण करतंय ते बघा. ओएनटी करत असेल तर प्रिफिक्स तिथेच अडकतो. ओएनटी ब्रिज मोडवर (नुसतं आरपार जाऊ देणारा) टाकून घ्या आणि व्हीलॅन क्रमांक, युजरनेम, पासवर्ड लिहून घ्या. ओएनटी रीसेट झाल्यावर रात्री अकरा वाजता हा क्रमांक कोणी सांगत नाही.

म्हापशाचा_बाजार:
एवढा खटाटोप कशाला? महिन्याला काहीशे रुपये जास्त भरून स्टॅटिक (न बदलणारा सार्वजनिक) व्ही४ घ्यायचा आणि झोपायचं.

उसगावचा_उपद्व्यापी:
@म्हापशाचा_बाजार, कॅमेऱ्यांपुरतं बरोबर, दुसऱ्या प्रश्नाचं काय? सीजीनॅटवर खरी टंचाई पत्त्याची नसून पोर्टांची (स्विचची भोकं नव्हेत, पत्त्यामागचे जोडण्यांचे क्रमांक) असते. एका सार्वजनिक पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट. कंपनीने पहिले १,०२४ सोडून प्रत्येक गिऱ्हाइकाला १,००८ पोर्टांचा ठोकळा दिला तर एका पत्त्यात ६४ गिऱ्हाइकं बसतात. घरगुती गिऱ्हाइकाला तेवढे पुरतात. पण २२ खोल्या, खोलीत दोन फोन, एखादा लॅपटॉप, वर टीव्ही, आणि प्रत्येकाच्या दहा-वीस जोडण्या एकाच वेळी उघड्या. रात्री साडेनऊला सगळे खोलीवर परतले की ठोकळा संपतो. मग स्पीड टेस्ट झकास दाखवते, पण पान अर्धंच उघडतं, फोटो येत नाहीत, व्हॉट्सॲपचा कॉल लागता लागत नाही. पाहुणा म्हणतो वायफाय भिकार आहे, आणि मालक ॲक्सेस पॉइंट बदलत बसतो.
व्ही६ चालू केलं की यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप हा जड माल सगळा व्ही६वरून जातो आणि ठोकळ्यावरचा भार उतरतो. तेव्हा धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आणि कॅमेऱ्यांपेक्षा खरा फायदा तोच.

तिसऱ्या:
पत्ते २०११लाच संपले म्हणे. मग गेली इतकी वर्षं हा गाडा चाललाय कशावर? :)

रापण:
@तिसऱ्या, कोठार संपलं २०११ला. ३ फेब्रुवारी २०११ला आयानाने (जगाचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेने) शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांना वाटले आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून रेशन. आधी सभासदामागे १,०२४ पत्ते आणि २०१९पासून ५१२. एखाद्या तालुक्यात नवा फायबरवाला उभा राहिला तर त्याच्या वाट्याला ५१२ पत्ते आणि गिऱ्हाइकं पाच हजार. सीजीनॅट न करून सांगतो कोणाला?
बाकी सेकंडहँड बाजार. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे नगाला सव्वाअकरा डॉलर. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक व्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं लागतं. वर्षाला साधारण ४४ डॉलर, नुसत्या पत्त्याचे.

माटोळी:
२४०.०.०.०पासूनचा पट्टा तर कोराच पडलाय, २६.८ कोटी पत्ते. तो का उघडत नाहीत?

उसगावचा_उपद्व्यापी:
कारण जगभरच्या जुन्या राऊटरांत आणि विंडोजमध्ये तो पट्टा "अवैध" म्हणून कोरून ठेवलाय, तिथलं पाकीट (डेटाचा तुकडा) दिसलं की फेकून देतात. ते सगळं बदलायचे कष्ट घ्यायचे तर व्ही६च करा ना. आणि २६.८ कोटी पुरणार कोणाला? एकट्या आपल्या देशातच मोबाइल जोडण्या शंभर कोटींच्या वर.

तिसऱ्या:
आणि ४नंतर एकदम ६? ५ कुठे गेला?

सोलकढी:
आवाज आणि चित्राच्या प्रवाहांसाठी एक प्रायोगिक प्रोटोकॉल होता, त्याला ५ क्रमांक देऊन झाला होता. तो चालला नाही, क्रमांक मात्र वाया गेला.

डिचोलीकर:
सीजीनॅट समजावून सांगायची आपली पद्धत: अख्ख्या वाड्याला एकच घर क्रमांक. आतून पत्र बाहेर गेलं तर उत्तर परत येतं, कारण पोस्टमनच्या वहीत कोणी पाठवलं ते लिहिलेलं असतं. बाहेरून कोणी आपण होऊन पत्र धाडलं तर ते नाक्यावरच्या दुकानात पडून राहतं.

माटोळी:
आमच्या वाड्यावर वही नसतानाही पोदेर बरोबर दारात पाव ठेवतो. पोदेराला नेमा त्या सीजीनॅटवर.

सोलकढी:
पोदेर नेमेपर्यंत मायक्रोटिकच्या पायऱ्या.
राऊटरओएस (मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) ६ असेल तर आयपीव्ही६चं पॅकेज चालू करून राऊटर रीस्टार्ट करावा लागतो. ७मध्ये ते आतच आहे.
पत्ता घ्यायच्या आधी फायरवॉल लिहा, हा क्रम उलटा करू नका. व्ही४चे नियम व्ही६ला लागू होत नाहीत, त्याची वेगळी यादी असते आणि ती कोरी असू शकते. नॅटच्या आडोशाने आतापर्यंत झाकलेला प्रिंटर, डीव्हीआर, स्विचचं लॉगिन पान, सगळं एका क्षणात थेट बाहेरून पोचण्यासारखं होतं. फॉरवर्डच्या (राऊटरमधून पलीकडे जाणाऱ्यांच्या) यादीत पहिला नियम: आधीच सुरू असलेल्या जोडण्यांना परवानगी. दुसरा: आयसीएमपीव्ही६ला (पिंग आणि नेटवर्कचे निरोप) परवानगी. शेवटचा: वॅनकडून आलेलं बाकी सगळं टाका.
इनपुटच्या (खुद्द राऊटरला येणाऱ्यांच्या) यादीतही तसंच, पण त्यात एक नियम जास्त: लिंक-लोकल पत्त्यांवरून, म्हणजे एफई८०वाल्या पत्त्यांवरून, यूडीपी ५४६वर येणारं स्वीकारा. हा विसरलात की प्रिफिक्स येतच नाही, क्लायंट "शोधतोय" एवढंच दाखवत राहतो.
मग पीपीपीओईच्या इंटरफेसवर डीएचसीपीव्ही६ क्लायंट. मागणीत "प्रिफिक्स" निवडा, "ॲड्रेस" नको. पूलला (आलेल्या गठ्ठ्याला) नाव द्या, डिफॉल्ट रूट (बाहेरची वाट) जोडायच्या खुणेवर टिक करा. स्थिती "बाउंड" झाली की प्रत्येक व्हीलॅनवर त्या पूलमधून /६४चा पत्ता आणि ॲडव्हर्टाइज (राऊटरची जाहिरात) चालू. एक व्हीलॅन, एक /६४.
डीएचसीपीव्ही६ने पाहुण्यांना पत्ते वाटायच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड फोन तसा पत्ता घेतच नाहीत, ते राऊटरची जाहिरात ऐकून स्वतःचा पत्ता स्वतः बनवतात. डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ताही त्याच जाहिरातीतून द्या.

फोंड्याचा_फायबर:
@सोलकढी, आयसीएमपीव्ही६चं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण निम्मी बिघाडं तिथेच असतात. "पिंग म्हणजे धोका" या जुन्या सवयीने लोक आयसीएमपी सरसकट बंद करतात. व्ही४मध्ये ते खपून जातं. व्ही६मध्ये मधले राऊटर पाकिटाचे तुकडे करत नाहीत. पाकीट मोठं असेल तर ते टाकून "फार मोठं" असा निरोप मागे धाडतात, आणि तो निरोप आयसीएमपीव्ही६चाच प्रकार २. तो अडवलात की पाठवणाऱ्याला कळतच नाही.
पीपीपीओई ८ बाइट खातं, १५००चे १४९२ उरतात. लक्षण ठरलेलं: गूगल उघडतं, पिंग जातं, पण एखाद्या बँकेचं पान पांढरंच राहतं. उपाय दोन, दोन्ही करा. प्रकार १ ते ४ मोकळे ठेवा आणि टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची कमाल) १४३२वर बांधा. व्ही४साठी हाच आकडा १४५२ असतो, व्ही६चं शीर्षक २० बाइटने मोठं म्हणून फरक. प्रकार १३३ ते १३६ शेजारी ओळखायचे, ते इनपुटला अडवले तर व्ही६ उभंच राहत नाही.

म्हापशाचा_बाजार:
म्हणूनच म्हणतो. काही अडलं की पहिली पायरी, व्ही६ बंद.

फोंड्याचा_फायबर:
ताप आला की थर्मामीटर फोडायचा. बंद केल्यावर "चाललं" म्हणून जो बिघाड झाकला, तो तिथेच असतो. अर्धवट चालू व्ही६ हे पूर्ण बंदपेक्षा वाईट, इथवर मान्य. म्हणून अर्धवट ठेवू नका.

बागाखाडी:
आभार मंडळी. /५६ मिळाला, पण बदलता. ओएनटी ब्रिज झाला, सोलकढींच्या क्रमाने सगळं केलं. ऑफिसच्या केबलवर ठणठणीत. पाहुण्यांच्या वायफायवर मात्र विचित्र: फोन जोडला की व्ही६ लगेच येतं, चाचणी पास होते, आणि बरोबर अर्ध्या तासाने जातं. वायफाय बंद-चालू केलं की पुन्हा अर्धा तास.

रापण:
"बरोबर अर्धा तास" म्हणालात तिथेच रोग सापडला. राऊटरची जाहिरात दोन प्रकारे येते. फोन जोडताच "राऊटर आहे का?" विचारतो, त्याला लगेच उत्तर मिळतं. त्यानंतर राऊटर दर काही मिनिटांनी, जास्तीत जास्त १० मिनिटांनी, आपण होऊन सगळ्यांना मल्टिकास्टने ओरडून सांगतो. जाहिरातीवर राऊटरचं आयुष्य लिहिलेलं असतं, सहसा १८०० सेकंद. तुमच्याकडे पहिलं उत्तर पोचतंय, नंतरच्या आरोळ्या वाटेत मरताहेत. १८०० सेकंद सरले की फोन डिफॉल्ट रूट काढून टाकतो.
मारेकरी दोघांपैकी एक. स्विचमधलं मल्टिकास्ट स्नूपिंग (आरोळी कोणाला पोचवायची ते स्विचने ठरवणं), किंवा ॲक्सेस पॉइंटवरची "मल्टिकास्ट गाळा" ही खूण. एक लॅपटॉप केबलने पाहुण्यांच्याच व्हीलॅनवर लावा, मधे तोच स्विच ठेवा आणि ४० मिनिटं थांबा. टिकलं तर दोष ॲक्सेस पॉइंटचा, गेलं तर स्विचचा.

बागाखाडी:
केबलवर तासभर टिकलं. ॲक्सेस पॉइंटवर "ब्रॉडकास्ट व मल्टिकास्ट अडवा" ही खूण होती. ती काढली, आता दीड तास झाला, चालू आहे.

रापण:
सरसकट काढू नका, अपवादात राऊटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) घालायची सोय असेल तर तसं करा. सात ॲक्सेस पॉइंटांवर साठ फोनांची बडबड हवेत सोडली की वायफाय रांगायला लागतं. आणि पाहुण्यांचं क्लायंट आयसोलेशन (यंत्रं एकमेकांना न दिसणं) चालू ठेवा. एखाद्याच्या लॅपटॉपने इंटरनेट शेअरिंग चालू ठेवून खोटी जाहिरात सुरू केली तर सगळा मजला त्याच्या मागे जातो. स्विचमध्ये आरए गार्ड (खोटी जाहिरात अडवणारी सोय) असेल तर राऊटरचं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे लावा.

उसगावचा_उपद्व्यापी:
प्रिफिक्स बदलता आहे म्हणालात, तर जून यायच्या आत हे करा. पावसात लाईट जाते, राऊटर पडतो, ॲक्सेस पॉइंट इन्व्हर्टरवर जिवंत राहतात. राऊटर उठून नवा प्रिफिक्स घेतो, पण फोनांचं वायफाय तुटलेलंच नसतं, त्यामुळे ते जुनाच पत्ता धरून बसतात. जुन्या पत्त्यावरून पाठवलेल्याला उत्तर कुठून येणार? जाहिरातीतली मूळ मुदत पाहा: पसंतीची ७ दिवस, वैधतेची ३० दिवस. तेवढ्यात पाहुणा घरी पोचतो.
पसंतीची मुदत २७०० सेकंद आणि वैधतेची ५४०० करा. राऊटर जुना प्रिफिक्स "शून्य मुदत" म्हणून जाहीर करू शकत असेल तर उत्तमच, पण लाईट जाऊन पडलेल्या राऊटरला आधीचा प्रिफिक्स आठवतोच असं नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे राऊटर आणि ओएनटी दोन्ही त्याच इन्व्हर्टरवर घेणं. दोन्ही मिळून ३० वॅटसुद्धा खात नाहीत.

डिचोलीकर:
लॉगिन पान, म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टल, आहे का? असेल तर तपासा. पोर्टल फक्त व्ही४ अडवत असेल तर पाहुणा लॉगिन न करता व्ही६वरून मजेत यूट्यूब बघतो. व्ही६च्या फॉरवर्ड यादीतही "लॉगिन झालेला मॅक" हीच अट हवी. नोंदींचंही तसंच, फोन दररोज नवा व्ही६ पत्ता घेतो, त्यामुळे नुसता पत्ता नोंदवून उपयोग नाही. राऊटरच्या शेजार-तक्त्यातून पत्ता, मॅक आणि वेळ अशी जोडी दर पाच मिनिटांनी उतरवून ठेवा. उद्या चौकशी आलीच तर व्ही४साठी वेळेसोबत पोर्ट क्रमांकही विचारा. सीजीनॅटमागे नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही.

माटोळी:
सगळं झालं, कॅमेरे राहिले की हो. पहिला प्रश्न तोच होता.

सोलकढी:
येतो त्यावर. जुना डीव्हीआर बहुधा व्ही६ बोलतच नाही. बोलत असला तरी त्याला बाहेर उघडू नका, त्या पेट्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही. राऊटरओएस ७मध्ये वायरगार्ड (बाहेरून आत यायचा सुरक्षित बोगदा) आहे. इनपुटमध्ये एकच नियम वाढवा, यूडीपी ५१८२०. प्रिफिक्स बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावामागे ठेवणारी सेवा) लावा आणि तो एएएए नोंद (व्ही६ पत्त्याची) अपडेट करतोय ना ते पाहा, काही फुकट सेवा फक्त ए नोंद (व्ही४ची) बदलतात. फोनवरच्या वायरगार्डमध्ये तेच नाव द्या आणि परवानगीच्या पत्त्यांत फक्त डीव्हीआरचं नेटवर्क, १९२.१६८वालं, घाला. बाहेरचं पाकीट व्ही६, आतलं पत्र व्ही४. डीव्हीआरला काही कळतही नाही.
बोगद्याचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) मूळचा १४२०, पीपीपीओईवर तो १४१२ करा. नाहीतर लॉगिन होईल आणि चित्र काळं राहील, फोंड्याच्या फायबरने सांगितलेलाच रोग.

म्हापशाचा_बाजार:
आणि मालक एखाद्या फक्त व्ही४वाल्या वायफायवर बसला असेल तर?

सोलकढी:
तर लागणार नाही, हा मुद्दा बरोबर. मोबाइल डेटावर जायचं, आपल्याकडे मोबाइलवर व्ही६ सहसा असतंच. तरीही खात्री हवी असेल तर दोन्ही पत्ते असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर मधे ठेवायचा: राऊटर त्याला आतून जोडतो, फोन बाहेरून. किंवा तुमचा स्टॅटिक. तो घेण्यात कमीपणा नाही, फक्त तो घेतला म्हणून व्ही६ टाळू नका.

तिसऱ्या:
बुकिंगच्या वेबसाइटलाही एएएए नोंद घालावी का?

उसगावचा_उपद्व्यापी:
घाला, पण सर्व्हर व्ही६वर खरंच ऐकतोय हे पाहिल्यावर. ब्राउझर हुशार असतो, व्ही६ने पाव सेकंदात उत्तर दिलं नाही तर व्ही४ धरतो, त्यामुळे चूक दिसतच नाही. पैसे भरल्याची खबर देणारा पलीकडचा सर्व्हर तितका हुशार असेलच असं नाही, मग पाहुण्याचे पैसे कापले जातात आणि खोली "प्रलंबित" राहते. डेटाबेसात आयपीचा रकाना १५ अक्षरांचा असेल तर ४५ करा. आणि खोडसाळ पाहुणे अडवताना एकेक पत्ता न अडवता अख्खा /६४ अडवा, एका फोनकडे पत्ते मोजण्यापलीकडचे असतात.

बागाखाडी:
वायरगार्ड लागलं. मोबाइल डेटावरून १५ कॅमेरे स्वच्छ दिसताहेत. पार्किंगचा १६ नंबर काळा. एमटीयू १४१२च आहे.

फोंड्याचा_फायबर:
रिसेप्शनच्या टीव्हीवर तो दिसतो का?

बागाखाडी:
तिथेही काळा.

फोंड्याचा_फायबर:
मग शिडी घ्या. खांबावरचा बीएनसी कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडला असेल. तार दोन इंच मागे कापा, नवा कनेक्टर, वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप. साधी काळी टेप एका पावसात सुटते.